बारदान वजा करून

हातात कोणतीही वस्तू दिली की ते ती आधी तळहातावर दोनदा झेलायचे, डोळे मिटायचे आणि वजन सांगायचे. किल्ल्यांचा जुडगा, मोबाइल, बिस्किटांचा फोडलेला पुडा, काहीही. एकदा मी मुद्दाम माझा चष्मा काढून दिला. "एकोणतीस ग्रॅम," ते म्हणाले. मी खवचट माणूस, लगेच शेजारच्या सराफाकडे जाऊन तोलून आलो. एकोणतीसच भरला.

"हात खोटं बोलत नाय, शेठ," ते म्हणाले, आणि माझ्या हातातला चष्मा घेऊन, शर्टाच्या टोकानं पुसून मला परत दिला.

मी कसला शेठ! बिबवेवाडीच्या रस्त्यावर जनावरांच्या औषधांचं बारा फुटी दुकान आहे माझं. वडिलांच्या वेळी गाई-म्हशींची औषधं खपायची. आता गोठे गेले, सोसायट्या आल्या, आणि गिऱ्हाईक सगळं कुत्रेवालं. पण मार्केट यार्डात प्रत्येक गाळेवाला शेठ असतो, आणि या गृहस्थांचं सगळं आयुष्य यार्डात कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर गेलेलं. ते तोलणार होते. हमाल पोतं आणून काट्यावर टाकतो, तोलणार वजन करून आकडा पुकारतो, आणि त्या आकड्यावर विकणारा आणि घेणारा दोघंही मान डोलावतात. निवृत्त होऊन चार-पाच वर्षं झाली होती, तरी मी त्यांना 'या तोलणार' अशीच हाक मारायचो. त्यांना ती आवडायची.

पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना गोचिडावरचं औषध हवं होतं. मी नेहमीप्रमाणे सगळ्यात भारी गोळी पुढे केली. त्यांनी ती तळहातावर झेलली.

"हे पाच ग्रॅमबी नाय. क्विंटलला काय भाव पडंल याचा?"

"इथं लिलाव नसतो हो," मी म्हणालो.

"तसं नव्हं, शेठ. स्वस्तातलं द्या. पण मापात पायजे."

यार्डातल्या कोणीतरी त्यांना गुरांच्या अंगावर मारायचं औषध पाण्यात कालवून लावा, असं सुचवलं होतं. ते मात्र मी ऐकताक्षणी उडवून लावलं. त्यानं कुत्रं मरतं, असं स्पष्ट सांगितलं. मग त्यांना परवडेल असं एक औषध काढून दिलं. मानेवरचे केस बाजूला करून कातडीवर थेंब सोडायचे, महिनाभर गोचीड आणि पिसवा जवळ येत नाहीत. कुत्र्याच्या वजनाप्रमाणे त्याची खोकी वेगळी असतात. दहा किलोपर्यंतचं एक, दहा ते वीसचं दुसरं, थोडं महाग.

"किती किलोचं आहे कुत्रं?" मी विचारलं. हा प्रश्न मी दिवसातून दहा वेळा विचारतो आणि उत्तर ठरलेलं असतं. कोणी म्हणतं, "असेल की पंधरा-वीस." कोणी हातानं उंची दाखवतं. परवा एक मुलगा म्हणाला, "अंकल, मीडियम साइझ."

तोलणार म्हणाले, "अकरा किलो दोनशे. बारदान वजा करून."

घराच्या गॅलरीत त्यांनी स्प्रिंगचा काटा टांगला होता. त्याला गोणपाटाची झोळी. त्या झोळीत कुत्रीला बसवून तोलायचं आणि झोळीचं वजन वजा करायचं. मला हसू आलं, पण मनात म्हटलं, चला, शहरात एक तरी माणूस शुद्धीवर आहे.

कुत्रीचं नाव पासंगी. तराजूची दोन पारडी सारखी व्हावीत म्हणून हलक्या पारड्याला जो खडा बांधतात, तो पासंग. यार्डात ही तपकिरी कुत्री त्यांच्या काट्यापाशीच पडून असायची, म्हणून हमालांनी तिचं हे नाव पाडलं. ते निवृत्त झाले त्या दिवशी ती त्यांच्या सायकलमागे पळत घरापर्यंत आली. बायको त्याच्या आदल्याच वर्षी गेलेली. मुलगी लग्न होऊन बारामतीला. "खोलीत पाऊल टाकलं अन् मागं बघितलं तर ही," ते सांगायचे. "म्हटलं, ये बाई. जागा हाय."

आता इथं माझ्याबद्दल सांगणं आलं. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

माझ्या काउंटरच्या वर एक पाटी होती. मीच रंगवून घेतलेली. 'औषध कसे वापरावे हे खोक्यावर छापले आहे. तोंडी सांगण्याचे वेगळे पैसे पडतील.' लोक तिचे फोटो काढायचे. एका मुलीनं तर पाटीखाली उभं राहून माझ्यासकट फोटो काढला होता. मला त्या पाटीचा अभिमान होता. खोक्यावरचा मजकूर इंग्रजीत असतो, आणि मुंगीला भिंग लागेल इतका बारीक असतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण पुण्यात दुकान चालवायचं म्हणजे एवढं चालायचंच, असं मी स्वतःला सांगत आलो.

तोलणार दर महिन्याला यायचे. आल्यावर आधी पाटी वाचायचे. अगदी नियमानं, ओठ हलवत. मला वाटायचं, आवडली असेल. वाचून झालं की वजन सांगायचे, खोकं घ्यायचे, तळहातावर झेलायचे आणि जायचे. कधी काही विचारलं नाही. मला हे गिऱ्हाईक फार पसंत होतं.

दुसऱ्या महिन्यात म्हणाले, "दहा किलो सातशे." तिसऱ्यात, "दहा किलो तीनशे."

त्याच खेपेला त्यांनी खिशातून एक काचेची बाटली काढली. आत साबणाचं पाणी आणि तळाशी गोचीड. कानातून, बोटांच्या बेचक्यांतून एकेक वेचलेले. "एकतीस भरले या महिन्यात," ते म्हणाले. "वजन नाय केलं, लई हलके हायेत."

"अहो, हे दुकान आहे, प्रदर्शन नाही! उचला ते," मी ओरडलो. एक बाई तिच्या गुबगुबीत पिल्लासाठी पट्टा बघत होती, ती निघून जाईल या भीतीनं. त्यांनी बाटली खिशात टाकली, बाईंना "माफ करा ताई" म्हणाले आणि खोकं घेऊन गेले. औषध लावूनही एकतीस गोचीड कसे, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी पट्टा विकला.

मग उन्हाळा लागला. चौथ्या खेपेला ते पाटी वाचून म्हणाले, "नऊ किलो आठशे."

आणि मी काय म्हणालो असेन? ऐका. मी म्हणालो, "वा! दहाच्या आत आली की. आता धाकटं खोकं चालेल. स्वस्तात सुटलात."

त्यांचा चेहरा खरंच खुलला. "बरं झालं. तशी खात नाय सध्या. पोळी वास घेऊन सोडून देती."

"उन्हाळ्यात आपण तरी कुठे खातो?"

"ते बी खरं," ते म्हणाले. आणि त्यांनी ते धाकटं खोकं तळहातावर दोनदा झेललं, स्वस्त पडतंय म्हणून पुढच्या महिन्यासाठी आणखी एक मागून घेतलं.

वजनाचा आकडा अचूक सांगणारा एक, आणि त्या आकड्यावरून खोकं अचूक देणारा दुसरा. आम्ही दोघंही खूश होतो. हे मला आठवलं की आजही जेवण जात नाही.

पाचव्या खेपेला ते महिना व्हायच्या आतच आले. सकाळची वेळ, मी नुकतं शटर वर केलेलं. त्यांनी पाटी वाचली नाही. खिशातून विसाची नोट काढली, घडी उलगडली, काउंटरवर ठेवली आणि हातानं सपाट केली.

"तोंडी सांगण्याचे किती पडतात, शेठ? पाटीवर आकडा नाय लिहिलेला. वीस बास व्हतील?"

मी हसायला गेलो. त्यांच्याकडे पाहिलं आणि हसू तोंडातच राहिलं. माणूस थट्टा करत नव्हता. इतके महिने त्यांनी एक प्रश्न विचारला नव्हता, कारण प्रश्नाला पैसे पडतात असं लिहिलं होतं. आयुष्यभर लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवलेला माणूस तो. फुकट विचारणं त्यांच्या दृष्टीनं मापात पाप होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"उठत नाय ती. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्यात. अन् कानात पुन्हा गोचीड. माझं औषध लावायचं कुठं चुकतंय का, तेवढं सांगा."

"कसं लावता?"

त्यांनी सांगितलं. अगदी क्रमानं, यार्डात शिकाऊ माणसाला सांगावं तसं. आदल्या दिवशी कडक साबणानं रगडून आंघोळ, कारण मातीचं वजन मालात धरायचं नाही. बटाट्याला चिकटलेली माती धरली तर घेणारा बुडतो. मग उन्हात पूर्ण वाळवायचं, कारण पाण्याचंही वजन धरायचं नाही. मग काट्यावर. मग माझ्याकडे. मग मानेवर थेंब. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा साबणानं आंघोळ, पुन्हा वाळवणं, पुन्हा तोल.

"पुन्हा कशाला?"

"एकदा तोललेलं तोल नव्हं, शेठ. आमच्यात दोनदा बघत्यात. अन् मानंवर ते तेल राहतं औषधाचं. ते बी वजनच की."

ते थेंब कातडीच्या तेलकटपणातून अंगभर पसरतात. साबणानं तो तेलकटपणाच निघून जातो. म्हणून आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ घालायची नसते. हे खोक्यावर छापलेलं आहे. दहा सेकंदांत सांगून होतं.

मी ते त्यांना सांगितलं.

ते म्हणाले, "म्हंजे दर महिन्याला मीच धुऊन टाकत हुतो."

मी म्हणायला हवं होतं की नाही, मी. माझी पाटी. जिभेवर आलंही होतं. पण मी म्हणालो, "आता आधी दवाखान्यात न्या तिला. गोचिडाचा ताप असणार. आत्ताच्या आत्ता." दुकान उघडं टाकून मी रिक्षा बोलावली. एवढं एकच बरं काम केलं, तेही उशिरा. जाताना त्यांनी एकदा वर पाटीकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी नेहमीसारखंच पाहिलं, वाचल्यासारखं. नोट त्यांनी परत घेतली नाही. मी मागे धावलो तर म्हणाले, "ठेवा. सांगितलंत की तुम्ही."

डॉक्टरांनी सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. पासंगीला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. इतके महिने तिचं वजन मला ग्रॅमपर्यंत ठाऊक होतं, तिच्या डाव्या कानाचं टोक पांढरं आहे हे ठाऊक नव्हतं. तोलणार जमिनीवर मांडी घालून बसले होते. त्यांच्या हातात कणकेची गोळी होती, ती ते तिच्या नाकाशी नेत होते आणि परत आणत होते.

ती तिसऱ्या दिवशी गेली.

आठवड्यानं ते दुकानात आले. हातात न फोडलेलं एक खोकं, दहाच्या आतलं. "वापरलं नाय. कुणाला तरी द्या. पैसे नकोत." मी ते घेतलं. आणि सवयीनं नेहमीचं विचारून बसलो, "शेवटी किती होतं हो वजन?" विचारलं आणि जीभ चावली.

त्यांनी दोन्ही हात पुढे केले, तिला उचललं असेल तसे.

"दवाखान्यातनं अशी घेऊन आलो, शेठ. चालत. चाळीस वर्सं हातानं तोललं मी. पण वजनच लागंना. काय केल्या लागंना." हात तसेच राहिले. मग त्यांनी ते खाली घेतले आणि निघून गेले.

ती पाटी मी त्याच दिवशी उतरवली. भिंतीवर चौकोन उरलाय, तिथला रंग बाकीच्या भिंतीपेक्षा ताजा दिसतो. आता मी प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडी सांगतो. आधी दोन दिवस आंघोळ नको, नंतर दोन दिवस नको, केस बाजूला करून कातडीवर सोडा, आणि वजन घटलं तर खोकं बदलू नका, आधी डॉक्टर गाठा. मुलं मोबाइलवरून नजर न काढता "हो अंकल, माहितीये" म्हणतात. मी तरी पुन्हा सांगतो. म्हातारा बडबड्या झालाय असं आळीत म्हणतात. म्हणू देत.

ते नंतर आले नाहीत. मीच दोन महिन्यांनी पत्ता शोधत गेलो. जे तेव्हा बोललो नाही, ते बोलायला. विसाची नोट खिशात होती. खोलीला कुलूप. शेजारच्या बाईंनी सांगितलं, मुलगी येऊन बारामतीला घेऊन गेली, कायमचं. "जाताना आमच्या घरातली सगळी भांडी एकदा हातात घेऊन बघितली हो त्यांनी," बाई म्हणाल्या. "पण वजन नाही सांगितलं एकाचंही."

गॅलरीत काटा तसाच टांगलेला होता. झोळी धुऊन, वाळवून अडकवलेली. मी जवळ जाऊन पाहिलं. काटा शून्यावर नव्हता. नुसत्या गोणपाटाचं वजन दाखवत होता, चारशे ग्रॅम. एवढं ते नेहमी वजा करायचे.