उतरलेलं वजन

"हे धरा जरा," म्हणत ती गळ्यातलं आयकार्ड माझ्या हातात द्यायची. मग घड्याळ, बांगडी, केसांतला चिमटासुद्धा. खराडीतल्या आमच्या कंपनीच्या आरोग्य-खोलीत वजनाचा काटा होता. डबा खायच्या आधी ती रोज त्यावर चढायची. आता चिमट्याचं वजन ते काय असणार? पण सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होती ना, चुका शोधण्याचाच पगार घ्यायची.

मी एचआरमध्ये. म्हणजे वाढदिवसाचे केक मागवायचे आणि साखर कमी खा म्हणून मेलही पाठवायचे, दोन्ही कामं माझीच.

ती मूळ नागपूरची. पुण्यात इतकी वर्षं काढूनही 'का'ऐवजी 'काहून' म्हणणं सुटलं नव्हतं. आतड्याच्या कॅन्सरचे उपचार संपवून कामावर परतली आणि वर्षभरात चांगली भरली. आईने पाठवलेली संत्राबर्फी जेवणासारखी खायची. मी एकदा टोकलंच.

"मॅडम, आजार कळायच्या आधी माझं वजन आपोआप उतरत होतं," ती म्हणाली. "आणि मी खूश होते हो. नवीन जीन्स घेतल्या."

त्या आजारापासून काटा वर गेला की तिला हायसं वाटायचं.

पण मग डॉक्टरांनी सांगितलं, रक्तातली साखर वाढलीय, यकृतावर चरबी आहे, दहा किलो उतरवा. मुलगी नववीत होती. "तिची बारावी होईस्तोवर तरी राहायचंय," ती म्हणायची. "मागणार कुणाकडे? आम्ही बौद्ध, घरात देव नाहीत." आणि हसायची.

त्याच सुमारास मी ऑफिसात वजन उतरवण्याची स्पर्धा काढली आणि तिला न विचारता तिचं नाव घातलं. लोकांचं भलं करायची खोड, दुसरं काय.

तिने मनावर घेतलं. बर्फी बंद. जेवण झालं की पार्किंगमध्ये फेऱ्या. काटा उतरू लागला, साखरही उतरली. डॉक्टर खूश, मी खूश. तिची मात्र झोप उडाली.

एके दिवशी ती काट्यावरून उतरेचना.

"मॅडम, हे मी उतरवतेय का ते उतरवतंय?"

"अहो, काहीतरीच काय. तुम्ही चालताय म्हणून."

"चालणं दोन आठवडे बंद आहे. मुलीची परीक्षा होती."

मी काट्यावरचा आकडा पुन्हा बघितला. तरी मी म्हटलं, "शंका काढायची सवयच तुमची. तपासणी आहेच ना पुढच्या महिन्यात." या वाक्याची मला आजही लाज वाटते.

स्पर्धा तीच जिंकली. पोरी विचारत होत्या, "कसली बारीक झालीयेस, डाएट सांग ना." टाळ्या चालू असताना ती फक्त माझ्याकडे बघत होती. बक्षीस घरगुती वजनकाट्याचं होतं. तेही मीच निवडलेलं.

तपासणीत कळलं, आजार यकृतात पोचला होता. महिनाभर आधी कळता तर काय झालं असतं, हे मी कुणाला विचारलेलं नाही. हिंमत नाही.

मुलगी दहावीत असतानाच ती गेली.

काही दिवसांनी मुलगी वडिलांबरोबर आईचा ऑफिसचा लॅपटॉप परत करायला आली. सही कुठे करायची ते वडिलांना सुचेना, म्हणून तीच पुढे झाली. एका हातात बॅग, दुसऱ्यात आईचं आयकार्ड. पेन घ्यायला हात मोकळा नव्हता.

"मावशी, हे धरा जरा," ती म्हणाली.

मी धरलं. नियमाप्रमाणे ते कापून टाकायचं असतं. मला ते अजून जमलेलं नाही.