कार्डावर एक माणूस

विमानतळावर मी भांडलो नाही. हे आधीच नोंदवून ठेवतो, कारण आमच्या नातलगांत सध्या जी हकीकत फिरते आहे, तिची सुरुवातच "भाऊ लाउंजच्या दारात भांडले" या वाक्याने होते. आणि ज्यांनी ती फिरवली ते गृहस्थ त्या क्षणी माझ्याकडे पाठ करून पाकिटातले कार्ड शोधत होते.

हे गृहस्थ म्हणजे माझे धाकटे साडू. माझ्या पत्नीची पाठची बहीण त्यांना दिली आहे. ते कामोठ्याला राहतात, मी पनवेलला. रिक्षाने वीस मिनिटांचे अंतर. न्हावा शेव्याच्या बंदरातून कंटेनर वाहून नेण्यासाठी त्यांनी उमेदीच्या वयात एक जुना ट्रेलर घेतला आणि आज त्यांचे ट्रेलर उभे करायला जागा पुरत नाही. सगळे त्यांना शेठ म्हणतात. मीही म्हणतो, मात्र मी ते कोणत्या स्वरात म्हणतो हे त्यांना नेमके कळते. मी स्वतः भूमिअभिलेख खात्यात भूकरमापक होतो. साखळी ओढत, हद्दीचे दगड शोधत या तालुक्यातली शेते मोजण्यात माझी नोकरी गेली. आज जिथे विमाने उतरतात, तिथे मी गुडघाभर चिखलातून चाललो आहे.

यंदा अधिक महिना आला. या महिन्यात जावयाला सासरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालावेत आणि तेहतीस अनारशांचे वाण द्यावे, अशी रीत आहे. सासू-सासरे आता नाहीत. परंतु दिल्लीत स्थायिक झालेल्या माझ्या मेव्हण्याने ती रीत मोडली नाही. "दोघा जावयांना एकाच पंगतीला बसवतो," असे त्याने कळवले आणि चौघांची विमानाची तिकिटे धाडली. त्या घरचा थोरला जावई मी. चाळीस वर्षांहून अधिक काळ तिथे पहिला पाट माझा, पहिले वाण माझे. शेठच्या दारात गाड्या वाढत गेल्या, माझ्या दारात सायकल होती ती स्कूटर झाली आणि तिथेच थांबली. पण पाट पहिला माझाच राहिला. एवढे एकच मोठेपण मला शेठच्या पुढे नेणारे होते, आणि ते मी कसोशीने जपले.

विमानतळावर पोचल्यावर शेठ आमच्या रांगेत आलेच नाहीत. शेजारच्या रिकाम्या खिडकीपाशी ते आणि मेव्हणी जाऊन उभे राहिले. मी पाहिले तेव्हा त्यांनी लांबूनच खुलासा केला.

"पोरानं परस्पर तिकिटं बदलली, भाऊ. पुढच्या वर्गाची केली. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय ना, तिथं पाय लांब करता येतात."

या गुडघ्याविषयी आमच्याकडे फार सहानुभूतीने बोलले जाते, म्हणून सांगणे भाग आहे: तो गुडघा गाडीतून उतरताना दुखत नव्हता, तपासणीच्या रांगेत दुखत नव्हता आणि सरकत्या जिन्यावर तर शेठ माझ्या दोन पायऱ्या पुढे होते. मला मत्सर वाटला. हा शब्द मी टाळणार नाही. मेव्हण्याने चौघांना सारखी तिकिटे पाठवली होती, आणि धाकट्या जावयाने मला न सांगता स्वतःचा पाट माझ्या पुढे सरकवून घेतला होता.

पुढच्या वर्गाच्या तिकिटावर लाउंजचा प्रवेश आपोआप मिळतो, हे मला तिथे कळले. लाउंज म्हणजे काचेच्या भिंतीआडचे एक दालन. विमान सुटेपर्यंत आत मऊ खुर्च्यांवर बसावे, हवे ते खावे-प्यावे. दारात एक मुलगी यंत्र घेऊन बसली होती. आम्ही चौघे तिच्यापर्यंत चालत गेलो, आणि चालता चालता मी शेठना म्हणालो, "तुमच्या पायाखाली काय होते, माहीत आहे?"

"काय असणार? खाडी."

"खाडी नव्हे. भात होते. खाडी बांधाच्या पलीकडे. ही जमीन मी मोजली आहे."

"मग भाऊ, सातबाऱ्यावर तेव्हाच नाव चढवून घ्यायचं. आज लाउंजवाले तुम्हाला भाडं देत बसले असते."

मेव्हणी खळखळून हसली. माझ्या पत्नीने ओठ घट्ट मिटून घेतले, आणि ते मला मेव्हणीच्या हसण्यापेक्षा जास्त लागले. शेठच्या हकीकतीत हे वाक्य मी त्या मुलीला दरडावून सांगितले आहे: "ही जमीन मी मोजली आहे, मला कोण अडवतो?" मी असे बोललो नाही. तिला ऐकू गेले असेल. बोललो मी साडूंशी, आणि तेही खालच्या आवाजात. तिने अत्यंत नम्रपणे शेठचे दोन पास यंत्रावर धरले आणि मग माझ्यापुढे हात केला. मी हात मागे बांधून उभा होतो.

"त्यांचं तिकीट मागचं आहे," शेठ तिला म्हणाले, आणि पाकिटातून लाउंजमध्ये चालणारे बँकेचे कार्ड काढून त्यांनी ते बोटांत फिरवले. "आम्ही दोघं तिकिटावर चाललो, म्हणजे कार्ड मोकळंच आहे. पण कार्डावर एकच माणूस जातो, भाऊ. तुम्ही येता, का ताईंना नेऊ? ठरवा."

"आम्ही दोघेही इथे बाहेरच बरे आहोत," मी म्हणालो.

पत्नीने पर्समधून तिचा पास काढलेला होता. तो तिने परत आत ठेवला आणि चेन लावली. झाले ते एवढेच. याला ज्यांना भांडण म्हणायचे असेल त्यांनी खरे भांडण पाहिलेले नाही. मी भावाभावांना बांधावर कुऱ्हाडी घेऊन उभे राहिलेले पाहिले आहे.

दुसरे असत्य असे, की मी रुसून उपाशी बसलो. आम्ही समोरच्या लोखंडी खुर्च्यांवर बसून घरच्या दशम्या खाल्ल्या, शेंगदाण्याच्या चटणीशी. दोन मी, एक तिने. तिसरे असे, की मी काचेला नाक लावून आत पाहत होतो. विमानांच्या वेळा दाखवणारा फलक त्या काचेच्या शेजारीच टांगलेला होता, आणि वेळ पाहण्यासाठी उठणे हा कोणत्याही उतारूचा हक्क आहे. मी किती वेळा उठलो हे मेव्हण्याने पंगतीत बोटांवर मोजून दाखवले. तो तर त्या वेळी दिल्लीत होता.

तरी मी आत पाहिले, हे नाकारत नाही. शेठ पाय पसरून बसले होते. त्यांच्यापुढे एक वाफाळती बशी होती. एक पोऱ्या नव्हे, चांगला टाय लावलेला इसम वाकून त्यांना काहीतरी विचारीत होता, आणि त्या वाकण्याचा मला हेवा वाटला. माझ्यापुढे एवढे कुणी कधी वाकले नव्हते. मग मला मेव्हणी दिसली. तिने शेजारच्या खुर्चीवर आपली पर्स ठेवली होती. एक बाई तिथे बसायला आली, तेव्हा मेव्हणीने हात आडवा धरून तिला नको म्हटले आणि दाराकडे पाहिले. थोड्या वेळाने पुन्हा पाहिले. ती खुर्ची तिने बहिणीसाठी धरून ठेवली होती.

ही गोष्ट शेठच्या हकीकतीत नाही, कारण त्यांचे लक्ष बशीत होते. मी ती पाहिली, परत येऊन पत्नीशेजारी बसलो, आणि विमान वेळेवर आहे एवढेच तिला सांगितले.

येथे आणखी एक कबूल केले पाहिजे. या दोघी बहिणी वीस मिनिटांच्या अंतरावर राहूनही तोवर वर्षातून चार-पाच वेळा भेटत, तेही कुणाच्या तरी लग्नकार्यात. कामोठ्याला जायचे म्हटले की शेठचे घर येते, शेठच्या गाड्या येतात, आणि मला कामे निघतात. मी तिला कधी जाऊ नको म्हटलेले नाही. फक्त माझी कामे निघत, आणि ती एकटी जात नसे.

दिल्लीतल्या धोंड्याच्या जेवणात मेव्हण्याने मान राखला. पहिला पाट मला. तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, वर तुपाचा दिवा, आणि ते ताट आधी माझ्या हाती. मी ते दोन्ही हातांनी घेतले, आणि त्याच वेळी दुसऱ्या पाटावरून शेठ शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत होते, "आणि मग भाऊ त्या पोरीला म्हणाले, ही जमीन मी मोजलीय..." सगळ्यांचे कान तिकडे. ज्या ताटासाठी मी इतकी वर्षे पहिला राहिलो ते माझ्या हातात होते, आणि त्याच्याकडे कुणी पाहत नव्हते.

दुपारी पत्नी ते अनारसे डब्यात रचत होती. तळाला कागद, मग अनारसे, मग पुन्हा कागद.

"आत उपमा होता म्हणे," ती म्हणाली. "तिनं सांगितलं. गरम होता."

"उपमा तुला घरी मिळत नाही?"

"उपम्याचं कोण बोलतंय? शेठनी विचारलं, एक माणूस कोण. तुम्ही म्हणालात, आम्ही दोघेही बरे आहोत. मला विचारलंत?"

"मला बाहेर सोडून तू आत गेली असतीस?"

"हो," ती म्हणाली, आणि पुढचा कागद घातला.

तिच्या स्वरात राग नव्हता. मी शेठचा मत्सर आयुष्यभर केला आहे; त्यांच्या ट्रेलरांचा, त्यांच्या मोठ्या हसण्याचा, पहिल्या भेटीत कुणाच्याही खांद्यावर हात ठेवू शकण्याचा. मेव्हणीचा कधी केला नव्हता. त्या दुपारी मात्र डब्याकडे पाहताना मला लख्ख कळले, की माझ्या पत्नीला जिच्यावर बसायचे होते ती खुर्ची माझ्या शेजारची नव्हती. त्या खुर्चीवर धाकट्या बहिणीची पर्स होती.

परतीच्या दिवशी दिल्लीच्या विमानतळावर तसेच काचेचे दालन, तसाच यंत्र घेतलेला माणूस. शेठनी या वेळी मला काही विचारले नाही. ते आणि मेव्हणी सरळ दाराकडे निघाले. हाक मी मारली.

"शेठ, तुमच्या कार्डावर एक माणूस जातो, असे तुम्ही म्हणाला होतात."

ते थांबले. त्यांच्याकडे काही मागण्याची माझी ती पहिलीच वेळ, आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होते.

"जातो की. चला, भाऊ."

"मी नव्हे." मी पत्नीकडे वळलो आणि तिला विचारले, "तू जाणार का?"

पास तिच्या हातातच होता. मी हाक मारण्याच्या आधीपासून होता, की नंतर काढला, हे मला सांगता येणार नाही. या संपूर्ण प्रकरणात मला खात्रीने सांगता येत नाही अशी ही एकच गोष्ट आहे.

"भाऊ, इथली जमीन पण मोजली नाही ना तुम्ही?" शेठ म्हणाले. "नाहीतर आत्ताच सांगा, मी आत जाऊन भाड्याचं विचारतो."

"ही दुसऱ्या राज्यात येते," मी म्हणालो. त्यावर ते हसले, आणि तिघेही आत गेले.

या प्रसंगाचीही हकीकत झाली आहेच. मेव्हणी सांगते, भाऊजी विरघळले. मेव्हणा सांगतो, वय झाले की माणूस निवळतो. दोन्ही चूक. मी त्या तासाभरात जितका जळलो तितका जाताना जळलो नव्हतो. फलक त्याही काचेच्या शेजारी होता आणि मी उठत होतो. दोघी बहिणी गुडघ्याला गुडघे लावून बसल्या होत्या. माझी पत्नी हातवारे करून काहीतरी सांगत होती. माझ्यापुढे ती हातवारे करीत नाही. मेव्हणी तोंडाला पदर लावून हसत होती. चाळीस वर्षे एका घरात काढल्यावर बायकोची प्रत्येक गोष्ट आपण ऐकलेली आहे असा माझा समज होता. ही मी ऐकली नव्हती.

शेठ त्यांच्यापासून दोन खुर्च्या दूर, एकटेच. पाय पसरलेला, बशी रिकामी. बहिणींनी त्यांना बोलण्यात घेतले नव्हते. त्यांनी मान वळवली आणि काचेतून आमची नजरानजर झाली. ते हाताने ‘या’ म्हणाले की ‘बघा’ म्हणाले, हे मी ठरवत बसलो नाही. मी फलक वाचला.

ती बाहेर आली तेव्हा विमानाला अर्धा तास उरला होता.

"उपमा होता?"

"नव्हता. छोले होते."

"एवढ्या काय हसत होतात दोघी?"

"काही नाही, असंच," ती म्हणाली, आणि बसता बसता पुन्हा थोडी हसली. मेव्हण्याकडून बांधून दिलेल्या दशम्यांचा डबा मी उघडला होता. तिने एकही घेतली नाही; पोट भरले होते.

हल्ली ती दर बुधवारी रिक्षा करून कामोठ्याला जाते. निघताना "येता का?" असे विचारते, आणि मला काम असते. शेठ सगळ्यांना सांगतात, की ताईंचा सगळा वेळ वाटेतल्या वाहतुकीतच जातो, पनवेलहून त्यांच्या दारी यायला तास लागतो. हे खोटे आहे. मी स्वतः मोजले आहे. वीस मिनिटे जायला, वीस यायला. उरलेले तीन तास ती तिथे बसलेली असते.