माहीत असलेलं कशाला विचारता?

माझ्या थोरल्या बहिणीला शाळेतली पोरं पाठीमागे तिखट बाई म्हणतात. ताईला ते ठाऊक आहे, पण त्याचा तिला राग येत नाही. राग यायला तिच्याकडे दुसऱ्या ढीगभर गोष्टी आहेत. मी त्याच शाळेत झाडलोट करते, त्यामुळे त्यातल्या बऱ्याच मीही पाहिल्यात.

आम्ही डोंगरातली माणसं. आपल्याला ठाऊक असलेलंच दुसऱ्याला विचारणं म्हणजे आमच्यात त्याची थट्टा. मोठ्या माणसाने तशी थट्टा केली, तर पोरांनी खाली बघून गप्प राहायचं. खाली गावातल्या शाळेत मात्र सगळा कारभारच उलटा: मास्तर स्वतःला ठाऊक असलेलंच विचारणार, वर उत्तरही मागणार. ताई लहानपणी तिथे अशीच गप्प बसली आणि ‘मंद’ ठरली. पुढे हट्टाने शिकून त्याच शाळेत बाई झाली.

परवा तपासणीचे साहेब आले. ताईच्या शेजारच्या वर्गात मध काढणाऱ्याची नात बसते, यंदाच डोंगरातून आलेली. साहेबांनी भिंतीवरच्या मधमाशीच्या चित्राला छडी लावली. ‘‘हे काय आहे, बाळ?’’ पोरगी खाली बघत राहिली. साहेब पुन्हा पुन्हा तेच विचारत होते, दर वेळी आवाज चढवून. पोरगी काय बहिरी होती?

‘‘हिला मंद मुलांच्या वर्गात घाला,’’ ते हेडमास्तरांना म्हणाले. त्या वर्गात कुणी शिकवत नाही. पोरं नुसती चित्रं रंगवतात आणि एक दिवस यायची बंद होतात.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच शेजारच्या वर्गात घुसली. ‘‘साहेब, मधमाशी तुम्हाला ओळखता येते ना? मग तिला कशाला विचारता? तुम्हाला माहीत नसलेलं काहीतरी विचारा की!’’

साहेबांनी छताकडे पाहिलं, चष्मा पुसला. काही केल्या त्यांना तसा प्रश्न सुचेना. ते गप्प बसले, पण त्यांना कुणी मंद ठरवलं नाही! पोरीला मात्र मंद मुलांच्या वर्गात घातलंच.

दुसऱ्या दिवशी ताई आपली खुर्ची उचलून त्या वर्गात गेली. ‘‘मीही इथलीच,’’ एवढंच म्हणाली. हेडमास्तर दारातून बाजूला झाले.

ताईने पोरीला जवळ घेतलं. ‘‘तुझ्या आजोबांना इतक्या माश्या चावत कशा नाहीत गं? आमच्या घरात कुणी मध काढला नाही, मला खरंच माहीत नाही.’’

पोरीने मान वर केली. घंटा झाली तरी तिचं सांगून संपलं नव्हतं. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मला विचाराल तर ते रागाचंच होतं. इतक्या दिवसांत त्या पोरीला कुणी काही विचारलंच नव्हतं.