नानांचा ‘अब्रप्ट’

आमच्या शेजारच्या नानांनी इंग्रजी शब्दांचा जेवढा पाहुणचार केला, तेवढा अख्ख्या जळगावात कुणी सोयऱ्यांचाही केला नसेल. शाळेत इंग्रजी शिकवायचे, ते निवृत्त झाले, पण शब्द काही निवृत्त झाले नाहीत. दर आठवड्याला एक नवा शब्द घरी आणायचा, त्याचं गाव-कूळ विचारायचं आणि गल्लीत सगळ्यांशी ओळख करून द्यायची. एकदा उन्हात दूधवाल्याला इतका वेळ थांबवलं की दूध नासलं. ‘शब्द मात्र ताजा आहे!’ असं वर त्यालाच ऐकवलं. मी चौथी शिकलेली आणि बोलायला भित्री, त्यामुळे मधे न बोलणारी श्रोती त्यांना आयतीच मिळाली.

गेल्या महिन्यात पाळी ‘अब्रप्ट’ची होती. म्हणजे एकाएकी. ‘मूळ लॅटिन आहे, माय. तुटून वेगळं झालेलं. उतार नसलेला उभा कडा, तोही अब्रप्ट. फटकन तोडून बोलणारा माणूस, तोही.’ एवढ्यात शब्दकोशातून लग्नपत्रिका पडली. धुळ्याच्या धाकट्या भावाच्या नातीचं लग्न, येत्या रविवारचं. याच भावाशी भांडताना नाना अर्ध्या वाक्यावर उठून आले होते, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून जाणं-येणं बंद. मी पत्रिका उचलून दिली, तर म्हणाले, ‘पानाची खूण म्हणून ठेवली आहे. दुसरं काही नाही.’

मग प्रात्यक्षिक म्हणून माझ्या ओट्यावरच्या फणीतलं एक केळं त्यांनी हिसडून तोडलं. ‘हे बघ, अब्रप्ट!’

कसं कोण जाणे, मी बोलून गेले, ‘नाना, असं नका तोडू. शेजारच्या केळ्याचीही साल फाटते. मग तेही लवकर काळं पडतं.’

नाना त्या फाटक्या सालीकडे बघत राहिले. त्या दिवशीचा धडा तिथेच संपला.

एरवी केस कापायला निघाले तरी गल्लीभर सांगणारे नाना रविवारी कुणाला न सांगता सकाळच्या एसटीने धुळ्याला गेले. संध्याकाळी परतले तेव्हा टोपीवर अक्षता होत्या.

‘भाऊ बोलले का?’ मी दारातूनच विचारलं.

‘बोलला ना. पंगतीत सारखा माझ्याच ताटात वाढत होता.’ टोपी काढून हातात घेतली. मग इंग्रजी नाही, पुस्तकी मराठी नाही, घरच्या बोलीत हळूच म्हणाले, ‘पन धाकला म्हातारा व्हई गया, माय.’