शेंदूर लागलेली नळी

माझी मंदाआत्या एडवणची. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं तेव्हा, म्हणजे सदुसष्टच्या सुमाराला, एका ठेकेदाराच्या मजूर वसाहतीत ती पिण्याचं पाणी तपासायची. विहिरीचं पाणी एका लोखंडी पेटीतून जायचं. आत किरण आरपार जाऊ देणाऱ्या खास काचेच्या नळीत दिवा, त्याच्या अतिनील किरणांनी जंतू मरायचे. किरण किती, पाणी त्यांच्यासमोर किती वेळ थांबतं, यावरून जिवंत जंतू किती उरतील याचं गणित आत्यानं मांडलं होतं. किरण निम्मे झाले की दहा हजारांत एक वाचणारा जंतू शंभरात एक वाचतो, असं ते गणित.

खंडेनवमीला यंत्रं पुजली. आत्याच्या साहेबांनी ती नळी बाहेर काढायला लावून तिच्यावर तेलात कालवलेल्या शेंदराचे पट्टे ओढले.

"साहेब, शेंदरातून किरण जायचे नाहीत," आत्या म्हणाली.

"देवाच्या कामात गणित नको, मंदाबाई. दिवा निळा दिसतोय ना?"

निळा दिसतोय म्हणे! जंतू मारणारे किरण डोळ्यांना दिसतच नाहीत, एवढंही ज्याला ठाऊक नाही तो पाणीखात्याचा साहेब. मला आजही संताप येतो.

दिवाळीच्या आत वसाहतीत हगवण लागली. "ही माणसंच घाणेरडी, हात धुवायला नकोत," साहेब म्हणाले. चोराच्या उलट्या बोंबा. नळीला हात लावायची आत्याला मनाई होती. मग तिनं पाण्याची चावीच बंद केली आणि पुढ्यात बसली.

बायका हंडे घेऊन अंगावर आल्या. डोंगरातून कामाला आलेली लाडकी नावाची बाई सर्वांत पुढं. तिचं तान्हं पोर आजारी होतं.

"पोराचा घसा सुकलाय, बाय. पानी का अडवतेस? तुला पोर नाय म्हनून?"

आत्याला ते लागलं. पण ती उठली नाही. घरचं उकळलेलं पाणी तिनं लाडकीच्या तांब्यात ओतलं.

संध्याकाळी साहेबांनी गुपचूप नळी रॉकेलनं पुसून घेतली. सकाळी आत्याला काढून टाकलं. कारण काय, तर मजुरांचं पाणी तोडलं.

पुढच्या दसऱ्याला लाडकी पोराला कडेवर घेऊन एडवणला आली. आपट्याची पानं दिली आणि म्हणाली, "बाय, औंदा साहेबानं शेंदूर पेटीच्या झाकनाला लावला. नळीला नाय."



"म्हणजे कळलं होतं त्याला," आत्या म्हणाली.