इंग्लिश अक्काचं ‘मस्ट’

इंग्लिश अक्का रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला नुसतं जाऊ देत नसे. खांद्यावर नवं अंगवस्त्र, हातात फळांची परडी आणि पडलेला चेहरा दिसला की खिडकीतूनच निकाल लागे, “ही मस्ट बी गोइंग टु हिज डॉटर्स मदर-इन-लॉ.” मग शिकवणीतल्या मुलांकडून तसलीच वाक्यं वदवून घेई. पापनाशमची बस वेळेवर आली तर म्हणे, “इट कान्ट बी अवर बस.”

ती माझी सख्खी आत्या, पण तंजावरातली आमची सगळी गल्ली तिला अक्काच म्हणायची. तेव्हा मद्रास-बेंगळुरात कंप्युटर कंपन्या निघत होत्या, मुलाखतीला इंग्रजी लागत होतं आणि आसपासच्या खेड्यांतली मुलं सायकली हाणत तिच्याकडे येत होती. तिचा नियम कडक. विद्यार्थ्याशी इंग्रजीशिवाय शब्द नाही, अंगात ताप असला तरी. सल्लेही इंग्रजीत: “यू शुड ऑइल युवर हेअर.” मी मात्र घरची. वर्गात बसले तरी मला मराठीच. “तू उगी राह ग, सुंडल वाढ.” खोबरं घातलेले ते उकडलेले हरभरे वाढताना मी जळत असे.

जळायचं मुख्य कारण मंगळम. ओरत्तनाडूची, माझ्याच वयाची. खिडकीतला खेळ तिच्याइतका कुणालाच साधत नसे. एकदा अक्कानं तिला माझ्याकडे बघून वाक्य करायला लावलं. ती शांतपणे म्हणाली, “शी इज नॉट ईटिंग सुंडल. शी मस्ट बी जेलस ऑफ मी.” वर्ग हसला. “से ‘माइट बी’, मंगळम,” अक्का म्हणाली. तेवढी सवलत मला मिळाली, आणि तीही झोंबली.

मंगळमला बेंगळुरात नोकरी लागली. निघायच्या दिवशीही घरचे पाठवायला तयार नव्हते. अक्का बस स्टँडवर गेली आणि तिच्या वडिलांदेखत म्हणाली, “यू मस्ट गो. डोन्ट लुक बॅक.” मंगळम गेली, पुढे अमेरिकेलाही गेली.

वर्षभरानं मला त्रिचीला नोकरी लागली. ते ‘मस्ट’ मला हवं होतं. पेटी घेऊन मी उंबऱ्यात मुद्दाम रेंगाळले. अक्का खिडकीतून उठलीसुद्धा नाही. “जाऊन ये,” म्हणाली. कोपऱ्यावर भाजी आणायला निघालेल्यालाही इकडे तेच सांगतात, मराठीत काय नि तमिळमध्ये काय. मी बसमध्ये रडले.

शनिवार आला की मात्र मी घरी यायचे. शेवटच्या आजारात तिच्या उशाशीही मीच होते.

अक्का गेल्यावर काही महिन्यांनी मंगळम आली. रिकाम्या खिडकीपाशी बसून राहिली. मग तमिळमध्ये म्हणाली, “तू दुकानात निघालीस तरी ती तुला ‘जाऊन ये’ सांगायची. मला फक्त ‘जा’ सांगितलं. परत ये, असं कधीच नाही. तुझा फार हेवा वाटायचा.”

मला बरं वाटलं. वाटू नये, पण फार बरं वाटलं. मी आत गेले आणि सुंडल घेऊन आले, दोघींना.