मशीनवाली

कापसाला भाव नव्हता आणि बायकांना निंदणाचं कामही पुरेसं मिळत नव्हतं, त्या वर्षांतली ही गोष्ट. अंजनगाव सुर्जीजवळच्या आमच्या गावात मी बचत गटातून बँकेचं कर्ज काढलं आणि शेवयांचं विजेवरचं मशीन घेतलं. नवरा अकोल्याला दालमिलवर, सणाला यायचा. मुलगी सासरी. गटात आम्ही बायका एकमेकींना जामीन होतो, म्हणून हप्ता चुकवायची सोय नव्हती. मी चुकवलाही नाही.

त्याआधी उन्हाळ्यात शेवया पाटावर व्हायच्या. आज हिच्या घरी, उद्या तिच्या. बाजेला पाट तिरपा लावायचा. एकीने वर बसून पीठ चोळायचं, दुसरीने खाली तार झेलायची, बाकीच्यांनी काड्यांवर वाळत घालायच्या. पैशाचा प्रश्न नव्हता. तू माझ्याकडे ये, मी तुझ्याकडे येते. सासवांची निंदाही तिथेच व्हायची.

मशीन आलं आणि गावातले पाट माळ्यावर गेले. बायका रव्याचा डबा ठेवून निघून जायच्या. भारनियमनात वीज कधी येईल याचा नेम नाही, थांबणार कोण? बँकेचे साहेब अमरावतीहून पाहुणे आणून त्यांना माझा धंदा दाखवायचे. घरावर नवीन टिनं पडली. कोणाकडे वाटीभर साखर मागायला जायची वेळ राहिली नाही, त्यामुळे जायचं कारणही राहिलं नाही.

मग शेजारणीच्या मुलीचं लग्न ठरलं. रुखवतात पाटावरच्याच शेवया मांडायच्या, असा मुलीच्या आजीचा हट्ट. त्यांच्या अंगणात पाट लागला. भिंतीपलीकडून हसणं ऐकू येत होतं. मला बोलावणं नव्हतं. मला अजून त्यांच्यात धरतात की नाही, एवढं एकदा बघायचं होतं. हात धुतले आणि गेले.

“काहून वो बाई, लाइन गेली का?” एकीने विचारलं.

“लाइन आहे. हात रिकामे आहेत.”

“मशीनवालीचे हात रिकामे! आयका वो!”

“सरका,” म्हटलं आणि पाटावर चढून बसले.

हात विसरले नव्हते. तार बारीक निघत होती. खाली झेलणारी आजी म्हणाली, “माय वो, हे त मशीनले लाजवून राहिली!” सगळ्या हसल्या, मीही हसले. मग कोणाचा तरी नवरा अमरावतीच्या राजापेठेतून बायकोसाठी चप्पल घेऊन आला आणि ती त्याच्या आईलाच बरोबर बसली, हे निघालं. संध्याकाळपर्यंत मी पाटावरून उतरले नाही.

उन्हं कलल्यावर बायका निघाल्या. शेजारीण दारात एकेकीला विचारत होती, “तुयाकडे मुगवड्या कवा घालतं? मी येतो.” माझी पाळी आली तेव्हा तिने घडी केलेल्या नोटा माझ्या हातात दाबल्या.

“घ्या बाई. तुमचा दिवसभराचा धंदा बुडाला. तुमाले फुकट कसं राबवाव?”

तिच्या मनात वाकडं काही नव्हतं. लग्नाच्या खर्चातून काढून देत होती.

“मीही वड्या घालणार आहे,” मी म्हटलं.

“तुमी काहाले उन्हात बसता? इकत आणा. आता तुमाले काय कमी आहे?”

नको म्हटलं असतं तर लग्नघरात तिचा अपमान झाला असता. नोटा घेतल्या, घरी आले आणि मशीनवर दिवसभराचे राहिलेले डबे करायला बसले.